१९२१ साली मुंबईत हजारातली ६६७ बाळं खरंच गेली का?

मधली_आळी
मंडळी, जरा लांबण लागणार आहे, सांभाळून घ्या.

आमचे आजोबा परळचे. म्हणजे घरात सगळे तसंच सांगतात. पणजोबा गिरणीच्या साचेखात्यात, पणजी वायंडिंगला, दहा बाय बाराची खोली, आणि त्या खोलीत आजोबांचा जन्म. चुलतभावाला आजोबांच्या जन्माचा कागद हवा होता (कशाला ते विचारू नका, हल्ली अर्ध्या महाराष्ट्राला आजोबांचा कागद हवा आहे). म्हणून मुंबईत जुन्या नोंदी शोधल्या. १९१० पासून पुढची सगळी वर्षं पाहिली. आजोबा नाहीत. त्यांची भावंडंही नाहीत. पणजी सांगायची की तिला सात झाली, तीन जगली. सातांपैकी एकाचाही जन्म मुंबईच्या दप्तरात नाही.

त्या नादात त्या काळातल्या मुंबईच्या जन्ममृत्यूंबद्दल वाचत गेलो आणि दोन आकड्यांनी झोप उडवली. एक, जन्मदर. देशाचा तेव्हाचा अंदाज हजारी ४८-४९ आणि मुंबईचा नोंदलेला दर त्याच्या निम्म्यालाही पोचत नव्हता. दुसरा, १९२१ सालचा बालमृत्युदर, जिवंत जन्मलेल्या दर हजारामागे ६६७. एका खोलीत राहणाऱ्यांचा तर ८२८!

हजारातली सव्वाआठशे मुलं वर्षाच्या आत गेली तर गिरणगाव उरलं कसं? आपण इथे टंकतोय कसे? हे खरं आहे की दप्तराचा घोळ? आणि आमच्या आजोबांना कुठे शोधू?

तिरकस
धाग्याचं नाव वाचून घाबरत घाबरत उघडला. सकाळी सकाळी काय हे.

आकडेमोड
आकडा खरा आहे, म्हणजे अहवालात तोच छापलेला आहे. पण तो काय मोजतो ते बघा.

बालमृत्युदर म्हणजे भागाकार. वर त्या वर्षी शहरात मेलेली एक वर्षाखालची मुलं, खाली त्या वर्षी शहरात नोंदलेले जन्म. आता वरचा आकडा बऱ्यापैकी पक्का असायचा. मूल गेलं की त्याला पुरायला न्यावंच लागतं, आणि सोनापूर असो की शिवडी, तिथे लिहून घेणारा माणूस बसलेला. प्लेगनंतर तर शहराचं मृत्यूंवर फारच बारीक लक्ष होतं. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत डॉ. व्हिएगस यांनी पहिला रुग्ण ओळखला, त्यानंतर कोण कशाने मेलं हा सरकारच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न झाला.

जन्माचं तसं नाही. १८८८ च्या महापालिका कायद्याने जन्म कळवायची जबाबदारी आईबापांवर टाकली होती, पण न कळवल्याने कोणाचं काय अडत होतं? मूल नोंदीवाचूनही रडतं, दूध पितं, मोठं होतं.

उदाहरणादाखल धरा (आकडे मनचे). खरे जन्म १५००, नोंदले १०००, मेली ६००. खरा दर ४००, छापलेला ६००. खालची संख्या घटली की वरचं काही न बदलता दर फुगतो.

चिंचपोकळी_स्लो
आकडेमोड यांना +१, पण त्यांनी अर्धंच सांगितलं. नोंद चुकवलेली मुलं हा एक भाग. मोठा भाग म्हणजे जी मुलं मुंबईत जन्मलीच नाहीत.

१९२१ च्या खानेसुमारीत मुंबईची लोकसंख्या ११,७५,९१४. त्यातले शहरातच जन्मलेले जेमतेम १६ टक्के. बाकी सगळे आलेले. एकट्या रत्नागिरी जिल्ह्यातले दोन लाखांच्या वर. (तेव्हाचा रत्नागिरी जिल्हा म्हणजे आजचा सिंधुदुर्गही त्यात.) या बायका बाळंतपणाला कुठे जायच्या? गावी. पहिलटकरीण माहेरी, पुढची सासरी, पण कोकणातच. खोलीत दोन बिऱ्हाडं, वर चार गाववाले भाड्याने झोपायला, सार्वजनिक नळ नि संडास. तिथे बाळंतिणीला शेकायचं कुठे?

म्हणजे मूल जन्मलं गावाला आणि गावच्या दप्तरात लिहिलं गेलं. दोन-चार महिन्यांनी आई त्याला घेऊन कामावर परतली. मुंबईत ते गेलं तर मृत्यू मुंबईच्या खात्यावर. जन्माचा जमाखर्च एका वहीत आणि मरणाचा दुसऱ्या. मधली_आळी, तुमचे आजोबा गावी शोधा.

गजालीकार
ह्यां एकदम खरां हा. आमच्या पणजीचा ठरलेला हिशोब होता. दिवस कधी भरतात त्यापेक्षा बोटी कधी बंद होतात ते आधी बघायचं. पावसाळ्यात समुद्र बंद. म्हणजे आषाढ-श्रावणात बाळंत होणारी बाई आगोटीच्या आधीच शेवटच्या बोटीने जायची, सहावा-सातवा महिना असला तरी. नारळी पुनवेनंतर बोटी सुरू झाल्या की मूल घेऊन परत. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, विजयदुर्ग, देवगड, मालवण... पडावातून बोटीत चढताना तान्हं एका हाताने वर फेकल्यासारखं द्यायचं नि खलाशाने झेलायचं. आमचो आजो म्हणायचो, माझो पयलो कॅच खलाशान घेतलो.

पुणेरी_पाटी
जन्मदर कमी असण्याचं कारण र. धों. कर्वे असू शकतील का? संततिनियमनाचं केंद्र त्यांनी मुंबईतच काढलं होतं ना?

आकडेमोड
नाही हो. केंद्र १९२१ चं, 'समाजस्वास्थ्य' १९२७ चं. जन्मदर त्याच्या कितीतरी आधीपासून कमी होता. आणि कर्व्यांचं ऐकणारे किती होते ते त्यांनी सोसलेल्या खटल्यांवरून कळतंच.

खरं कारण खूप साधं आहे. मुंबईत बायकाच नव्हत्या. १९२१ मध्ये दर हजार पुरुषांमागे ५२५ स्त्रिया. पावणेबारा लाखांत बायका सुमारे चार लाख, त्यात मुली नि म्हाताऱ्या आल्या. जन्मदर काढताना भागतात सगळ्या लोकसंख्येने. म्हणजे खानावळीत जेवणारे, दहा-दहा जण एका खोलीत राहणारे, बायको गावी ठेवलेले गिरणी कामगारही त्या भागाकारात उभे. त्यांची मुलं रत्नागिरी-साताऱ्यात जन्मणार आणि ते स्वतः मुंबईचा जन्मदर पाडणार.

तिरकस
थोडक्यात मुंबईचा जन्मदर कोकणात होता.

सुईदोरा
मी डॉक्टर आहे, बालरोगातलीच. वरचं सगळं पटतं, पण एक भीती वाटते. भागाकार दुरुस्त करता करता आपण मेलेली मुलंच पुसून टाकू.

मूळ पोस्टमधल्या आकड्याच्या शेजारचे आकडेही बघा. त्याच १९२१ सालात, त्याच शहरात, त्याच दप्तरात एका खोलीत ८२८, दोन खोल्यांत ३२२, तीन खोल्यांत १९१, चार किंवा जास्त खोल्यांत १३३. हा फरक केवळ नोंदीच्या चुकीने येत नाही. आणि त्याच वर्षी इंग्लंड-वेल्सचा दर ८३. म्हणजे मुंबईत ज्यांना चार खोल्या परवडत होत्या त्यांचीही मुलं विलायतेच्या दीडपट जात होती. चाळीतल्या मुलांचा खरा दर निम्मा धरला तरी चारशे. आज माझ्या वॉर्डात महिन्याला एक मूल गेलं तरी आम्ही बैठक घेतो.

कशाने जायची? जुलाब, छातीचे आजार, 'अशक्तपणा' या नावाखाली घातलेलं सगळं, म्हणजे कमी दिवसांची नि कमी वजनाची मुलं. आणि नाळ कापायच्या हत्याराने होणारा धनुर्वात. तो साधारण आठवड्याच्या आत दिसतो. पाचवीला सटवाई पुजतात ती उगाच नाही. त्या रात्री बाळ टिकतं की नाही हा खरोखरचाच प्रश्न होता.

चिंचपोकळी_स्लो
सुईदोरा, आदर ठेवून असहमत. मुद्दा मुलं पुसण्याचा नाहीच. ८२८ मध्येच सगळ्यात जास्त फुगवटा आहे, कारण एका खोलीत राहणारेच गावी जाऊन बाळंत होणारे. चार खोल्यांवाल्या शेठाची सून बाळंतपणाला राजापूरला जात नव्हती. तिच्या मुलाचा जन्म-मृत्यू दोन्ही एकाच वहीत. म्हणजे हा फुगवटा सगळ्या ओळींना सारखा लागत नाही, गरिबाच्या ओळीला जास्त लागतो.

आणखी एक. मूल प्रसूतिगृहात जन्मलं की जन्म दवाखान्याच्या नावावर, घरी आणल्यावर गेलं की मृत्यू खोलीच्या नावावर. हेही खोलीच्याच ओळीत मिळवा.

शिवाय पुढच्या वर्षी, १९२२ ला, दर चारशेच्या आसपास आला. एका वर्षात ना खोल्या वाढल्या, ना सुइणी बदलल्या.

सुईदोरा
हा मुद्दा मान्य. १९२२ ची घसरण मला ठाऊक नव्हती.

पण उलट्या बाजूचंही एक धरा. बारशाच्या आत गेलेलं मूल कित्येकदा जन्मातही लिहिलं जात नाही आणि मरणातही. चाळीत दबक्या आवाजात सगळं उरकायचं. ती मुलं वरच्या संख्येतूनही गळली आणि खालच्याही. दप्तर एका हाताने दर वाढवतं, दुसऱ्या हाताने कमी करतं.

पुणेरी_पाटी
कर्व्यांबद्दलचं मागे घेतो. पण जन्म शोधण्यासाठी सरकारकडे काही दुसरा मार्गच नव्हता का?

आकडेमोड
होता की. देवी काढणारे. मुंबई शहरात १८७७ च्या कायद्याने लहान मुलांना देवी टोचणं सक्तीचं होतं. टोचायचं तर मूल कुठे आहे ते कळायला हवं, आणि नोंद नसलेलं मूल टोचणाऱ्याला दारात दिसायचं. पण तान्ह्याला झोळीत टाकून वरच्या मजल्यावर नेणाऱ्या बायकाही होत्याच. प्लेगच्या वेळी घरात शिरणाऱ्या सरकारी माणसांचा धसका एका पिढीत जात नाही.

उषःकाल
अवांतर: आमच्या घरात चार जणांचा वाढदिवस १ जूनला. आजोबा, त्यांचे दोन भाऊ आणि आमचे शेजारी. लहानपणी मला वाटायचं १ जून हा मोठाच मुहूर्त असणार.

तिरकस
मुहूर्त नव्हे, मास्तर. शाळेत नाव घालताना बापाने सांगितलं 'मोठ्या पावसाच्या वर्षी झाला', मास्तरांनी लिहिलं १ जून. महाराष्ट्राच्या खऱ्या जन्मनोंदणी अधिकाऱ्याच्या हातात खडू होता.

गजालीकार
+१००. आमच्या गावात एकाच वर्गात १ जूनचे एकोणीस. केक परवडला नसता.

वाळवणी
मी फक्त वाचते इथे, आज लिहावंसं वाटलं. माझी आजी लालबागला वाढली. तिची आई रीळ खात्यात होती. आजी सांगायची की खोलीत तीन तान्ही पोरं एका म्हातारीच्या हवाली असायची आणि तिन्ही दुपारभर गाढ झोपलेली. का? तर सकाळी बाळगोळी. अफूची. बोटाला लावून चाटवायची. म्हातारी वाईट नव्हती. आईला दहा तास उभं राहायचं होतं, पोर रडलं तर शेजारचा रात्रपाळीवाला उठणार होता. नंतर कुठेतरी वाचलं की डॉ. बार्न्स नावाच्या बाईंनी १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबईच्या कामगार बायकांची पाहणी केली तेव्हा ९८ टक्के मुलांना अफू दिली जाते असं त्यांना आढळलं. आजीला मी तो आकडा सांगितला. ती म्हणाली, उरलेल्या दोघी खोटं बोलल्या असतील.

सुईदोरा
वाळवणी, शेवटचं वाक्य... दंडवत तुमच्या आजीला.

अफू दिलेलं मूल भूक लागली तरी रडत नाही. न रडणारं मूल अंगावर कमी पितं, आणि आईचं दूध आटतं. पुढे जुलाब लागला की संपलं. मृत्यूच्या रकान्यात अफू कुठेच दिसत नाही.

चिंचपोकळी_स्लो
म्हणून तर मला त्या वेळच्या अहवालांचा राग येतो. आईचं अज्ञान, सुईण, अफू, यांवर पानंच्या पानं. बाई बाळंतपणानंतर किती दिवसांनी साच्यापुढे उभी राहिली हे विचारायला १९२० चं दशक उजाडावं लागलं. मुंबई विधिमंडळात आसवल्यांनी प्रसूतिभत्त्याचं विधेयक आणलं, १९२८ मध्ये डॉ. आंबेडकरांनी त्याच्या बाजूने भाषण केलं, १९२९ ला कायदा झाला. दिवसाला आठ आणे. गिरणीमालकांचं म्हणणं होतं की याने धंदा बुडेल. धंदा बुडाला नाही, हे आपल्याला माहीत आहे. बुडाला तो पन्नास-पंचावन्न वर्षांनी, आणि त्याला बाळंतिणी जबाबदार नव्हत्या.

पुणेरी_पाटी
१९८२ च्या गिरणी संपावर धागा न्यायचा असेल तर वेगळा काढा. इथे मी पॉपकॉर्न घेऊन बसलेलो नाही.

आकडेमोड
धागा उघडणारे कुठे गायब झाले?

मोडीमाय
मधली_आळी, तुम्ही गावी गेलात तर तलाठ्याकडे किंवा तहसीलच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४ मागा. लोक कोतवाल बुक म्हणतात. त्यात मुलाचं नाव शोधू नका! नोंद व्हायची जन्मानंतर लगेच, बारसं बाराव्या दिवशी. त्यामुळे बहुतेक ठिकाणी 'मुलगा' किंवा 'मुलगी' एवढंच, पुढे बापाचं नाव, जात, तारीख. बापाच्या नावाने शोधा. मोडी अडली तर फोटो टाका, मी वाचून देईन. हे काम गेले वर्षभर इतक्यांना करून दिलंय की डोळे मिटले तरी मला 'कु' (कुणबी) दिसतो.

मधली_आळी
(तीन आठवड्यांनी)
आलो मंडळी. राजापूरला जाऊन आलो.

आजोबा सापडले. २२ जुलै १९१३, मुलगा, खाली पणजोबांचं नाव. शाळेच्या दाखल्यावर १ जून, ते तिरकस यांनी आधीच फोडलंय. भर पावसाळ्यातला जन्म. म्हणजे गजालीकार म्हणतात तशी पणजी आगोटीच्या आधीच शेवटच्या बोटीने मुसाकाजीला उतरली असणार. परळच्या खोलीत जन्मल्याची जी गोष्ट आम्ही ऐकत आलो ती गेली. वडिलांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "म्हणजे बाबा मुंबईकर नव्हते?" आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत.

पण सांगायचं ते दुसरंच. पाच पानं पुढे त्याच पणजोबांच्या नावावर आणखी एक नोंद. ४ मार्च १९१८, मुलगी. पणजी 'माझं मधलं' म्हणून एका पोराचा विषय काढायची आणि मग पदराने डोळे पुसून उठून जायची. मुलगी होती हे आमच्यापैकी कोणालाच ठाऊक नव्हतं. वडिलांच्या आत्याला विचारलं, त्या आज नव्वदीच्या पुढे. त्या म्हणाल्या, "ती मानमोडीत गेली. मुंबईला. बोटी सुरू झाल्यावर आई तिला घेऊन गेली होती."

मानमोडी, म्हणजे इन्फ्लुएंझाची साथ, मुंबईत सगळ्यात जास्त ऑक्टोबर १९१८ मध्ये होती. म्हणजे मुलगी सात महिन्यांची. गावच्या मृत्यूच्या पानांवर ती नाही, मी पाहिलं. मुंबईच्या जन्माच्या वहीत तर नाहीच.

आकडेमोड
म्हणजे मुंबईच्या भागाकारात ती फक्त वर आहे.

चिंचपोकळी_स्लो
मधली_आळी, मुंबईच्या १९१८ च्या मृत्यूच्या नोंदी बघणार का? परळ-शिवडी म्हणजे एफ वॉर्ड. ऑक्टोबरची पानं जाड असतील, वेळ काढून जा. मी येतो सोबत, जवळच राहतो.

मधली_आळी
येतो. पुढच्या आठवड्यात कळवतो.

मोडीमाय, दोन्ही नोंदींचे फोटो टाकलेत. मुलीच्या नोंदीत बापाच्या नावापुढे दोन शब्द आहेत ते तिथल्या कारकुनालाही लागले नाहीत. आजोबांच्या नोंदीतही तेच दोन शब्द आहेत.

मोडीमाय
पाहिले. शाई उतरली आहे पण वळण स्पष्ट आहे. दोन्हीकडे 'मुंबईस असतो'.